हमीदाखालाच्या पाच छटा

हमीदाखाला गेल्याची बातमी आली तेव्हा मी पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. तिची सून नसीम दारात येऊन उभी राहिली, नुसती मान हलवली. खालाला आठवडाभर धाप लागत होती हे मला माहीत होतं. तरी उन्हाळ्यातली पाण्याची मोजणी झाल्याशिवाय ती जायची नाही, असं मी मनात धरून चालले होते. हातातली बाटली तशीच ठेवून मी नसीमबरोबर रंगारी गल्लीत गेले. बायकांनी खालाला न्हाऊ घातलं, कफनात गुंडाळलं. मग नसीम माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “काकू, साबण लावला, लिंबू चोळलं. नखातला वांगी रंग काय निघाला न्हाई.” ते ऐकून मला रडू आलं, आणि का कोण जाणे, थोडं बरंही वाटलं.

आता तिला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळीसवा झाला. मी चौथी शिकलेली बाई. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण वहीत लिहिता येतं. खालानं माझ्यासमोर जे केलं ते मी अजून पुरतं समजू शकलेले नाही. विसरायच्या आत ते लिहून ठेवावं, एवढंच मनात आहे.

आमच्या गावातून घाटनांदूरच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर रंगारी गल्ली लागते. पूर्वी तिथं घरोघर कापड रंगवायचे. पुढं रंगीत कापड स्वस्त झालं आणि रंगवणारी एकटी खाला राहिली. विटलेली साडी पुन्हा रंगवायची, ब्लाउजला मॅचिंग रंग द्यायचा, लग्नाचे फेटे रंगवायचे, अशी तिची कामं. बायका साडीचा पदर तिच्यापुढं धरून म्हणायच्या, “खाला, ह्या काठातला तिसरा रंग पायजे.” खाला एकदा बघायची आणि साडी परत करायची. ठेवून घ्यायची नाही. पुढच्या बाजाराला कापड तयार असायचं आणि काठाला लावून बघितलं तर तसूभर फरक नसायचा. रंग ती डोळ्यांत ठेवून घरी न्यायची. आपण निरोप लक्षात ठेवतो ना... तसा ती रंग ठेवायची.

तिचा-माझा संबंध आला तो पाण्यामुळं. जिल्ह्याहून एका संस्थेच्या ताई यायच्या. गावातल्या बोरांच्या, हापशांच्या पाण्यात फ्लोराइड आहे का ते त्यांना बघायचं होतं. फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, उलट पाणी गोड लागतं. पण लहानपणापासून ते पाणी पोटात गेलं की दात डागाळतात आणि पुढं हाडं धरतात. बाटल्या भरून आणायचं काम ताईंनी मला दिलं, कारण मी घरोघर जाऊन कोणाशी न बोलता बाटली भरून आणू शकते. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी गुलाबी राहिलं तर चांगलं, पिवळं पडत गेलं तर वाईट. पेटीतल्या कार्डाशी जुळवून आकडा लिहायचा. मला ते जमलं. माझे स्वतःचे दात माहेरच्या पाण्यानं लहानपणीच तपकिरी झालेले, त्यांच्यावर आडव्या रेघा. बोलताना माझा पदर आपोआप तोंडावर जातो. त्यामुळं हे काम मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सगळे आकडे झाल्यावर ताईंनी गावाचा नकाशा छापून आणला आणि समाजमंदिरात लावला. एकेका बोराला, हापशाला, आडाला एकेक ठिपका. निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. कडेला बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं, पण वाचता येणारे नुसते बघून गेले आणि बाकीच्यांनी आपापला अर्थ लावला. त्याच आठवड्यात गावातल्या म्हाताऱ्या काशीबाईंच्या नातीचं लग्न होतं. नकाशावर मारुतीजवळच्या हापशाला पिवळा ठिपका होता. काशीबाई म्हणाल्या, पिवळं म्हणजे हळदीचं, शुभ पाणी. नवरीच्या न्हाणाला आणि अख्ख्या पंगतीला त्याच हापशाचं पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी ताई आल्या तेव्हा त्यांना हे कळलं. पिवळा म्हणजे पिण्याच्या हद्दीच्या पलीकडचा आकडा होता. काशीबाईंना सांगितलं तर त्या उलट त्यांनाच म्हणाल्या, “मंग आधी सांगायचं की. हळदीला धोका कोण म्हणतंय?” मी आकडा बरोबर लिहिला होता, तरी पाणी चुकीचं प्यायलं गेलं.

ताईंनी बायकांना बोलावलं. त्या म्हणाल्या, हे रंग मी निवडलेले नाहीत, कॉम्प्युटर आपोआप देतो. बदलता येतात. तुम्हीच सांगा कोणते देऊ. मागं खांबाला टेकून खाला बसली होती. मी सरकत तिच्याजवळ गेले आणि तिच्या कानात म्हणाले, खाला, तुम्ही सांगा ना. तिनं माझ्याकडं बघितलं, मग ताईंना म्हणाली, “मला चार दिवस द्या. आन् ही पोरगी द्या.” मी तेव्हा आजी झालेली होते.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात गेले तर चूल पेटलेली नव्हती, पातेली पालथी होती. मला वाटलं होतं रंगाला सुरुवात झाली असेल. तिनं मला समोर बसवलं आणि विचारलं, पाण्यात काय वाढतंय ते एका शब्दात सांग. मी म्हटलं, दोष.

“मंग रंगानं बी वाढाया पायजे,” ती म्हणाली. “आता सांग, हिरवा मोठा का निळा मोठा?”

मला सांगता येईना.

“न्हाई सांगता येत. चुलतभाऊ हायत ते. कोण थोरला ते घरच्यांनाच ठावं. पर एकाच रंगाचं फिक्कं आन् गडद मांडलं, तर थोरलं कोणतं ते लेकराला बी कळतंय.”

मी घरात, शेतात, बाजारात जन्मभर रंग बघत आले होते. रंगांना क्रम नसतो, फिक्या-गडदाला असतो, हे मला कधी दिसलं नव्हतं. तिनं एका वाक्यात दाखवलं आणि तेव्हापासून मला सगळीकडं तेच दिसू लागलं.

मग एक रंग कोणता, यावर सकाळ गेली. तिनं चिंध्यांचं गाठोडं सोडलं. हिरवा उचलला आणि बाजूला टाकला. म्हणाली, आमच्यातले म्हणतील दर्ग्याची चादर, तुमच्यातल्या म्हणतील चुडा, कोण वाईट मानंल? भगवा नको, निळा नको, पुढारी भांडायला येतील. लाल म्हणजे कुंकू. पिवळ्याचं तर लग्नात बघितलंच. मग तिनं काताच्या रंगाची, चहासारखी तपकिरी चिंधी उचलली. ती उजेडात धरून म्हणाली, हा बरा हाय, कोणाचा न्हाई, आन् वळखीचा बी... आणि थांबली. माझा पदर तोंडावर होता. तिनं चिंधी परत गाठोड्यात खुपसली. “न्हाई, हा धुतला की उतरतो,” म्हणाली. मग तळातून वांगी रंग काढला. “हे घेऊ. वांग्याला कोण झेंडा लावतंय?”

आम्ही दोघी हसलो. पदर तोंडावर न घेता मी किती दिवसांनी हसले होते.

छटा किती करायच्या, हे मी विचारलं. ताईंच्या यादीत पुष्कळ आकडे होते, मला वाटलं दहा-बारा तरी लागतील. खाला म्हणाली, पाच. बाई माझ्याकडून रंग बघून बाजारात जाते तोवर पाच छटा तिच्या ध्यानात राहतात, सहावी दिली की मॅचिंग चुकून परत येते. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, चुकून परत आलेल्या बायकांनी शिकवलेलं होतं. पहिली छटा पांढऱ्या लठ्ठ्याची, नुसत्या धुवट सुती कापडाची, रंगच नाही. पुढच्या चार रंगवायच्या. तिनं मला रंगाची पूड आणि चमचा दिला, म्हणाली कर तुझ्या मनानं. मी हिशेबानं केलं. एका पातेल्यात एक चमचा, दुसऱ्यात दोन, मग तीन, मग चार. कापडं वाळली आणि मी बघतच राहिले. पांढऱ्याच्या शेजारी पहिलं एकदम वेगळं दिसत होतं, पण शेवटची दोन म्हणजे जुळ्या बहिणी. कोणती कोणती ते मलाच ओळखू येईना.

खाला म्हणाली, “डोळ्याला चमचे मोजता येत न्हाईत, बेटा. आधीच्यापरीस किती, येवढंच त्याला कळतंय. एकानंतर दोन घातलंस तर दुप्पट झालं. तीनानंतर चार घातलंस, ते कुठं दुप्पट झालं?”

मग तिनं स्वतः केलं. दुसऱ्या छटेला एक चमचा. तिसरीला दोन घालेल म्हणून मी बघत होते, तर तिनं मोजून चार घातले. मी हात धरला. ती म्हणाली, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधी ताईंची हद्द हाय ना? तिथं पायरी नको, उडी पायजे. दारातून बघणाऱ्या म्हातारीला कळलं पायजे की हितून पलीकडं प्यायचं न्हाई. चौथीला आठ, पाचवीला सोळा. वाळल्यावर पाच तुकडे तिनं उलटेपालटे करून काशीबाईंच्या मांडीवर टाकले. काशीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिन्हीसांज होत आली होती, तरी त्यांनी पाचही तुकडे क्रमानं लावले आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे बोट ठेवून विचारलं, “हितं काय झालं गं?” त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

मग कापडाचा नकाशा करायला बसलो. मोठ्या चादरीवर रस्ते काळ्या दोऱ्यानं घातले, आणि जिथं हापसा, आड, बोर असेल तिथं वीतभर तुकडा, आकड्याप्रमाणं रंगाचा. मी आकडा वाचायचा, खालानं तुकडा द्यायचा, मी टाके घालायचे. आमच्या घराशी आलो. आमचं बोर गावात सगळ्यात खोल. मोठ्या दिरांनी, आबांनी पाडलेलं. अर्धी गल्ली ते पाणी पिते. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की नात आरू माझ्याजवळ असते, तीही तेच पिते. मी सगळ्या गावाच्या बाटल्या भरल्या होत्या, पण आमच्या बोराची भरली नव्हती; ताईंच्या छापील नकाशावर तिथं ठिपकाच नव्हता. आमच्याकडं मोठ्या दिरासमोर भावजय बोलत नाही. त्यांनी एकदा ओट्यावर बसून, कोणाकडंच न बघता म्हटलं होतं, पाहुणे आपल्या पाण्याचं नाव घेतात, ते कशाला तपासायचं? तेवढं मला पुरलं होतं. खरं सांगायचं तर आबांचं नुसतं निमित्त होतं. आकड्याची मलाच भीती वाटत होती.

मी खालाला म्हटलं, आमच्या बोराला पांढरा द्या.

“आकडा?”

मी पांढरा तुकडा उचलून टाचायला घेतला. तिनं पुन्हा विचारलं, बाटली भरली होती का. मी खाली मान घालून टाका घालतच राहिले. तिनं माझ्या हातातून सुई घेतली, घातलेले टाके उसवले आणि पांढरा तुकडा काढला. मग कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा फाडला. न धुतलेला, मळकट, कापसाच्या काळ्या कण्या तशाच असलेला. तो तिथं ठेवला.

“न मोजलेलं म्हंजे चांगलं न्हाई, आन् वाईट बी न्हाई. आपल्याला म्हाईत न्हाई, येवढंच. त्याला येगळंच कापड.”

मी म्हटलं, लोक विचारतील.

“इचारू दे. त्याच्यासाठीच लावलंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. पण त्या दिवशी तिनं मला चहा विचारला नाही.

चादर समाजमंदिरात लागली. पांढरं ते गडद वांगी, एवढ्या तुकड्यांत तो एकच मांजरपाट. येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथं जायची. मी चार दिवस तिकडं फिरकले नाही. पाचव्या दिवशी आरू शाळेतून आली, तिचा पुढचा दुधाचा दात त्याच दिवशी पडला होता. त्या खिंडारातून फुसफुस आवाज करत तिनं विचारलं, “आज्जी, आपलंच घर कावून राहिलं?” मी तिच्या तोंडाकडं बघितलं. हिरडीतून नवा दात डोकावत होता. दुसऱ्या दिवशी आबा शेतात गेले तसं मी बोर चालू केलं आणि बाटली भरली. थेंब टाकले. गुलाबी थोडाही टिकला नाही, पाणी लगेच पिवळं झालं. मी पुन्हा केलं. तेच. आकडा घेऊन रंगारी गल्लीत गेले. खालानं पाचवी छटा काढून दिली. धीर दिला नाही. फक्त म्हणाली, “टाका तू घाल.”

मी समाजमंदिरात बसून मांजरपाट उसवत होते तेव्हा आबा आले. कोणीतरी जाऊन सांगितलं असणार. मी उठून पदर पुढं ओढला. ते चादरीपुढं उभे राहिले. त्यांना वाचता येत नाही. त्यांचं बोट एकेका तुकड्यावरून फिरू लागलं. पांढरे तुकडे ज्यांच्या घराजवळ जुने आड होते तिथले. गडद सगळे नव्या वस्तीकडं, खोल बोरांच्या ओळीनं. वरून शाई सांडून ओघळ यावा तसा पट्टा दिसत होता. मीच ते आकडे लिहिले होते, मीच टाके घातले होते. पण तो पट्टा मला त्या क्षणी, त्यांच्या बोटामागून, पहिल्यांदा दिसला. वहीत तो होताच... रंग आल्याशिवाय दिसला नव्हता.

“सुमन, आपलं कोणतं?” आबा म्हणाले.

तीस वर्षांत त्यांनी मला नावानं हाक मारलेली नव्हती. मी हातातला गडद तुकडा जागेवर धरून दाखवला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “म्हंजे जितकं खोल गेलो तितकं...” आणि वाक्य तिथंच सोडून निघून गेले. संध्याकाळी बोराच्या पाइपला वांगी चिंधी बांधलेली होती. त्या दिवसापासून ते पाणी गुरांना आणि धुण्याला.

पिण्याचं पाणी कुठून आणायचं, हे चादरीवर दिसतच होतं. सगळ्यात जवळचा पांढरा तुकडा रंगारी गल्लीतल्या आडाचा. गावात पिढ्यान्‌पिढ्या थट्टा होती की तिथलं पाणी प्यालं तर लघवी रंगीत होते. हे होणार हे खालाला आधीच दिसलं असावं, कारण त्या आडाची चाचणी तिनं माझ्याकडून तीनदा करवली होती. तिन्ही वेळा काशीबाईंना समोर बसवून, आणि तिनं आकडा फिरवला असं कोणी म्हणू नये म्हणून स्वतः मुद्दाम बाजाराला निघून जाऊन. आता सकाळी तिथं हंड्यांची रांग लागते आणि थट्टा करणारेच पुढं असतात.

ताईंनी खालाचे पाच तुकडे आणि मांजरपाट नेऊन कॉम्प्युटरमध्ये तेच रंग घातले. नवा नकाशा छापून आणला. आता आसपासच्या गावांचे नकाशेही त्याच रंगांत होतात, न मोजलेलं मांजरपाटी. ताईंनी खालाला तो कागद मोठ्या कौतुकानं दाखवला. तिनं तो अंगणात उन्हात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, चौथा जरा लालीवर गेलाय. ताईंनी घरी जाऊन तुकडा लावून बघितला. गेला होता.

खालाच्या हाताखाली मी पुढं थोडं रंगकाम शिकले. एकदा काताची पातेली घासता घासता नसीम म्हणाली, “काकू, ह्याला नुसती घासणी लावू नका, राख लावा. कातासारखा पक्का रंग दुसरा न्हाई, कापड फाटतंय पर कात उतरत न्हाई.” माझा हात तिथंच थांबला. मी ओट्याकडं बघितलं. खाला फेटा वळत होती, तिनं मान वर केली नाही. मला ती गाठोड्यात परत खुपसलेली चहासारखी चिंधी आठवली.

ती गेल्यावर उन्हाळ्याची मोजणी मी एकटीनं केली. रंगारी गल्लीतल्या आडाची बाटली शेवटी भरली. पाणी यंदा फार खाली गेलं आहे. थेंब टाकले आणि गुलाबी किंचित मावळला. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा काशीबाईंना बसवून केलं. आकडा पहिल्या छटेतून निघून दुसरीत गेला होता. पिण्याजोगंच आहे, हद्दीच्या अलीकडंच आहे. चादरीवर तो तुकडा पांढराच ठेवला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं, आणि तिच्या दारातला आड निदान या वर्षी तरी पांढरा राहिला असता. दोन दिवस मी तसंच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी नसीमच्या अंगणात चूल पेटवली. एक चमचा रंग, मीठ, लठ्ठ्याचा तुकडा. पिळून दोरीवर घातला तसा नसीमचा चेहरा उतरला. तिला तो तिसऱ्या छटेसारखा दिसला. ती म्हणाली, “काकू, दुसरा म्हणला होता ना तुमी?” मी म्हटलं, दुसराच आहे. ओलं कापड एक छटा गडद दिसतं, सावलीत वाळू दे. मग आम्ही दोघी ओट्यावर, खाला बसायची तिथं जागा सोडून, तो तुकडा फिका होईपर्यंत बसून राहिलो.